मूल कुणाकडे वाढवू नये

मी वकील नाही. जर्मनीतल्या इतक्या वर्षांत मी मराठीतून सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य हेच असेल, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. फ्रांकफुर्टच्या आसपासच्या मराठी मंडळींत माझं नाव ‘वकीलकाकू’ पडलं ते पडलंच. गणपतीची आरती संपून प्रसादाची वाटी हातात येते न येते तोच एश्बॉर्नच्या कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीतला तरुण मला खिडकीपाशी गाठतो. “काकू, दोनच मिनिटं. आमचा फेरमीटर, म्हणजे घरमालक, म्हणतो, भिंतीला बुरशी आली ती तुमच्या कुकरच्या वाफेनं. आता घर सोडा म्हणतोय. असं करता येतं का त्याला?”

मी सांगते, बाबा रे, माझा कायदा दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात गुलाम आहेत, बैल आहेत, बुडालेली गलबतं आहेत. तुझा घरमालक आणि तुझा कुकर त्यात नाही. तो क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, “चालेल काकू. बेसिक तेच असेल ना?”

दुर्दैवानं बेसिक तेच आहे. मी निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली आणि त्या बेसिकबद्दल माझ्या मनात जे साठलं आहे ते एकदा लिहून टाकावं असं वाटतं. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हे फारसं गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा धंदा काय, ते थोडक्यात सांगते. जुन्या रोममध्ये कायदेपंडितांचा एक वर्ग होता. ते न्यायाधीश नव्हते आणि कोर्टात भाषणं ठोकणं हेही त्यांचं काम नव्हतं. लोक त्यांच्या दारी जायचे, अडचण सांगायचे, आणि ते मत द्यायचे. मताचे पैसे घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या मतांचे पुढे संग्रह झाले. मग एका बादशहानं त्या संग्रहांची कापाकापी करवून एक जाडजूड ग्रंथ तयार करवला, आणि युरोपातल्या विद्यापीठांनी शतकानुशतकं त्याच्यावर आपल्या कायद्याचे मजले चढवले. माझं काम त्या कापलेल्या तुकड्यांवरचं. मूळ मत कुणाचं, कापताना काय गळलं, मागाहून कुणी काय घुसडलं. पोथीच्या पाठभेदांवरून हमरीतुमरीवर येणारे शास्त्री आपल्याकडे असायचे, त्यातलीच मी एक. मी कोल्हापूरची. घरात संस्कृत होतं, कायदा पुण्यात शिकले, आणि इथे आल्यावर लॅटिनच्या मागे लागले. वडील पत्रातून विचारायचे, “एक मेलेली भाषा पुरली नाही का तुला?”

या विद्येची एक रीत आहे, ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही. रोमन पंडिताकडे कुणी प्रकरण घेऊन आला, की पंडित पहिल्यांदा त्यातला माणूस काढून टाकत. खऱ्या नावाऐवजी तीतिउस आणि माएविउस अशी ठरीव नावं घालत. आपल्या शास्त्रग्रंथांत देवदत्त आणि यज्ञदत्त असतात ना, तसेच हे. देवदत्त गावाला जातो, यज्ञदत्त भात शिजवतो, आणि त्या दोघांना ना आईबाप असतात ना दमा. अशी प्रकरणाची सालं काढली की आतला प्रश्न लखलखीत दिसतो. मग त्यातली एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा उत्तर द्यायचं. बैल स्वतःहून उधळला की कुणी टोचला? टोचणारा शुद्धीवर होता का? आमचे प्रोफेसर सेमिनारमध्ये म्हणायचे, “दुःख बाजूला ठेवा. मग काय उरतं ते सांगा.” मला हे फार आवडायचं. बाहेरच्या जगात इतकं दुःख असताना ते बाजूला ठेवायची परवानगी देणारी खोली मिळाली, याचा मला तरुणपणी मोठा आधार वाटला होता.

या खोलीतून बाहेर येऊन बोलायला लागलं की मात्र फजिती ठरलेली. आमच्यातले एक देवधर म्हणून आहेत. त्यांनी हौसेनं बागेसकट घर घेतलं. त्यांच्या सफरचंदाच्या फांद्या शेजारच्याच्या कुंपणावर वाकल्या होत्या आणि फळं पडायची ती शेजारच्याच्या गवतात. कोजागिरीला दूध पिता पिता त्यांनी मला विचारलं, “कायदा काय म्हणतो हो, पलीकडे पडलेलं फळ कुणाचं?” मी खुशीत आले. हा तर माझ्या आवडीचा विषय. मी सांगितलं, फळ झाडाच्या मालकाचं, आणि एक दिवसाआड शेजारच्या जमिनीवर जाऊन ते वेचायचा त्याला हक्क आहे, शेजाऱ्यानं अडवायचं नाही. हे रोमचं झालं, आजच्या जर्मनीत नेमकं उलट आहे, हे मी पुढच्या वाक्यात सांगणार होते. तेवढ्यात कुणीतरी गाणं सुरू केलं. देवधर दोन दिवसांनी टोपली घेऊन कुंपणावरून उतरले. शेजाऱ्यानं पोलीस बोलावले, तेव्हा देवधर त्यांना छातीठोकपणे म्हणाले, “आमच्या ओळखीच्या प्रोफेसर आहेत, त्यांनी सांगितलंय.” पोलीस हसून निघून गेले. शेजारी अजून बोलत नाही. देवधर माझ्याशी बोलतात, पण सफरचंदाचा विषय निघाला की दुसरीकडे बघतात.

ही गोष्ट मी वर्गात सांगायचे आणि मुलं हसायची. तोवर मुलं होती. मी शिकवायला लागले तेव्हा कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी निदान एक सत्र तरी रोमन कायद्यात काढायचा. पुढे तो ऐच्छिक झाला. मग प्रोफेसर निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची डेटा संरक्षणाच्या कायद्याला दिली गेली. मी खुर्चीवर कधी नव्हतेच, शेजारच्या स्टुलावर होते, त्यामुळे मला कुणी उठवलं नाही. शेवटच्या सत्रात समोर बसणाऱ्यांत एक निवृत्त दंतवैद्य होते आणि एक मुलगी खोली चुकून आलेली होती, ती सभ्यपणे तासभर बसून राहिली. ग्रंथालयातली आमची पुस्तकं तळघरात गेली. तळघरात दमट आहे असं मी लिहून कळवलं. उत्तर आलं की नोंद घेतली आहे.

पण याचं मला तितकं वाईट वाटत नाही. विद्या मरतात. मला छळतो आहे तो एक दिवस, जेव्हा माझी विद्या चांगली जिवंत निघाली.

त्यासाठी आधी एक जुनं मत सांगायला हवं. ते शिकवायला मला फार आवडायचं. बाप मेला, मूल लहान आहे. त्याला कुणाच्या घरी वाढवायचं? आई, आजी, काका, सगळे हात पुढे करतात. रोमन पंडित म्हणतात, न्यायाधीशानं नाती बघावीत, माणसं बघावीत, घर बघावं. पण एक गोष्ट आधी विचारावी, की हे मूल मेलं तर त्याचं सगळं कुणाला मिळणार? ज्याला मिळणार त्याच्या घरी मूल ठेवताना दहादा विचार करावा. वर्गात हे सांगितलं की सुरुवातीला एक कुजबूज व्हायची. इतकं काळं मन? मी म्हणायचे, काळं नाही, स्वच्छ आहे. प्रेम मोजता येत नाही, फायदा कुणाचा ते दिसतं. कायद्यानं जे दिसतं तेच बघावं.

त्या काळात पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी होती, ब्रेंडेल नावाची. भरभरून बोलणारी नव्हती, पण विचारायची ते नेमकं. याच मतावर तिनं निबंध लिहिला होता आणि तो इतका चांगला होता की प्रोफेसरांनी तो दोनदा वाचला. मी तिला म्हटलं, याच विषयात राहा. ती म्हणाली, “नाही. मला खरी माणसं हवीत.” ती न्यायाधीश झाली, कौटुंबिक न्यायालयात. नाताळला कार्ड पाठवायची.

एका नोव्हेंबरात तिचा फोन आला. कार्डाखेरीज तिनं कधी संपर्क केला नव्हता. म्हणाली, “मला मराठीचा दुभाषा हवाय. शपथ घेतलेला कुणी मिळत नाहीये. तुम्ही एका सुनावणीपुरत्या याल का?”

प्रकरण मला मंडळींकडून आधीच ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. एश्बॉर्नमध्ये राहणारं एक जोडपं, दोघंही आयटीत, ऑटोबानवर धुक्यात एकामागोमाग गाड्या आदळल्या त्यात गेलं. मुलगी ईरा त्या दिवशी वर्गमैत्रिणीच्या घरी होती म्हणून वाचली. तिसरीत होती. इथेच जन्मलेली. घरात मराठी ऐकायची, उत्तर जर्मनमध्ये द्यायची, इथल्या बहुतेक मुलांसारखी. आईच्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं. वडिलांचे थोरले भाऊ कराडला असतात, शाळेत चित्रकला शिकवायचे. ते धावत आले होते. पोरीला घेऊन जायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण मूल जर्मनीतलं, तेव्हा पालक कोण ते जर्मन कोर्ट ठरवणार. तोवर ईरा मैत्रिणीच्या घरीच राहत होती आणि बालकल्याणचं सरकारी खातं, युगेंडआम्ट, तिच्याकडे लक्ष ठेवून होतं.

सुनावणीच्या आधी मी काकांना कोर्टाच्या दारात भेटले. त्यांनी भावाचं हिवाळी जाकीट घातलं होतं आणि ते त्यांना दंडात घट्ट होत होतं. मला पाहताच त्यांचा चेहरा मोकळा झाला. परक्या देशात आपलं बोलणं ऐकायला कुणीतरी आलं, एवढंच त्यांच्या मनात असणार.

“तुम्ही कोल्हापूरच्या ना? मला सांगितलं मंडळातल्यांनी. आता काळजी नाही ताई.”

मी म्हटलं, “हे बघा, मी आत कुणाच्याच बाजूची नाही. न्यायाधीशबाई बोलतील ते तुम्हाला सांगणार, तुम्ही बोलाल ते त्यांना. कमी नाही, जास्त नाही.”

“कमी-जास्त कशाला लागतंय? मला काही लपवायचं नाही.”

“आणि घरी सगळे काय म्हणतात?”

“आईनं अन्न सोडल्यासारखं केलंय. म्हणते, माझा पोरगा गेला, त्याची पोर तरी घेऊन ये. बायकोनं खोली आवरून ठेवलीय.” मग म्हणाले, “ईरा येते म्हणालीय, बरं का. मी विचारलं, माझ्याबरोबर येतीस का? ती म्हणाली, या.” जर्मनमधला होकार त्यांनी कराडच्या सुरात म्हणून दाखवला आणि त्यांना हसू आलं. मलाही आलं.

आतली खोली कोर्टासारखी नव्हतीच. एक टेबल, पाण्याची बाटली, कागदी रुमालांचा डबा. ईराचं म्हणणं ब्रेंडेलबाईंनी आधीच्या आठवड्यात तिच्याशी एकटीशी बोलून ऐकून घेतलं होतं. आता ती बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर युगेंडआम्टच्या बाईंजवळ बसली होती. मी हात वर करून शपथ घेतली की प्रामाणिकपणे आणि सचोटीनं भाषांतर करीन. ब्रेंडेलबाईंनी मला ओळख दाखवली नाही, आणि ते योग्यच होतं.

सुरुवात चांगली झाली. घर किती मोठं, शाळा कुठे, मराठी लिहिता येत नाही तर काय करणार? काका सावकाश, सरळ उत्तरं देत होते. “शाळेत मी आहेच की. पहिल्या वर्षी वर्गात नुसती बसू दे. हेडमास्तरांशी बोललोय.” जर्मन विसरली तर? “का विसरेल? आमच्याकडे एक बाई जर्मन शिकवतात, पुण्याहून आलेल्या. त्यांनाही विचारलंय.” ब्रेंडेलबाई लिहीत होत्या. त्यांचा चेहरा सैल पडत चालला होता. मी मनात म्हटलं, झालं काम.

मग त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, “मुलीच्या आईवडिलांचं इथलं घर आता मुलीचं आहे. मुलीचा मृत्यू झाला तर ते कुणाकडे जाईल, याची तुम्हाला कल्पना आहे का? आणि त्याविषयी तुमच्या घरात कधी बोलणं झालं आहे का?”

वाक्याची रचना माझी होती. आधी कल्पना, मग बोलणं. मी वर्गात सांगायचे, पहिला प्रश्न एकटा विचारू नका, त्याला सगळे नाही म्हणतात. दोन एकत्र विचारा.

आता ते मला मराठीत म्हणायचं होतं. शोक चालू असलेल्या माणसापुढे, पोराचं नाव घेऊन. आपल्या घरांत भर दुपारी सुद्धा असं बोलत नाहीत, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. माझ्या आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला असता. मी ‘काही बरं-वाईट झालं तर’ असं म्हटलं. त्याहून मऊ शब्द मराठीत नाही, आणि त्याचा अर्थ मात्र पुरता पोचतो. बाकीचं जसंच्या तसं सांगितलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. हे मीच विचारते आहे असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा चेहरा इतका पडला की मी न राहवून म्हटलं, “त्या विचारतायत. सगळ्यांनाच विचारतात.” हे म्हणायचा मला अधिकार नव्हता. ब्रेंडेलबाईंनी भुवई उंचावली, आणि मी त्यांना माझं ते वाक्यही जर्मनमध्ये सांगून टाकलं.

मी वाट बघत होते ती संतापाची. उठून जातील, टेबलावर हात आपटतील. बरं झालं असतं. संतापलेल्या माणसावर कोर्टाचा विश्वास बसतो, हे ब्रेंडेलबाईंनाही ठाऊक असणार.

काका हळूच म्हणाले, “झालंय बोलणं.”

त्यांचं संपलं नव्हतं.

“इकडे यायच्या आदल्या दिवशी. जेवत होतो. बायको म्हणाली, ईराचं सगळं नीट करायचं, आपल्या पोरासारखंच, ओंकारसारखंच. आणि मग म्हणाली, तसं पोरीचं काही बरं-वाईट झालंच तर जर्मनीतलं घर कुठं जाणार, आपल्या ओंकारकडंच येणार. तिच्या मनात वाईट नव्हतं, ताई. तोंडातून निघून गेलं. आई तिथंच होती. आई काही बोलली नाही.” त्यांनी पाण्याच्या ग्लासावर हात ठेवला, पण प्याले नाहीत. “मी पण तिला गप्प बस म्हटलं नाही. मी भाकरी मोडत राहिलो.”

खोलीत मराठी कळणारी मी एकटी. ‘विषय ओझरता निघाला होता’ एवढं म्हटलं असतं तरी खोटं झालं नसतं. पण मी सगळं सांगितलं. बायको, ओंकार, आई, भाकरी. भाकरीला जर्मनमध्ये शब्द नाही, मी ज्वारीची रोटी असा खुलासासुद्धा केला. मी आयुष्यभर ज्या लोकांवर चिडत आले ते हेच होते, दुसऱ्याच्या मतातलं नको ते गाळून पुढे पाठवणारे. माझ्याकडून ते होणार नव्हतं. आजही होणार नाही, आणि याची मला भीती वाटते.

ब्रेंडेलबाईंनी लेखणी उचलून दोन ओळी लिहिल्या. मग म्हणाल्या, “याचा अर्थ तुमचा अर्ज फेटाळला असा नाही. मी हे विचारात घेईन, बाकीच्या गोष्टींबरोबर.”

मी ते सांगितलं. काकांनी मान हलवली. “नको. त्यांना सांगा, बरोबर विचारलं त्यांनी. मलाच हे कुणी विचारलं नव्हतं.” “उद्या पोरीला साधा ताप आला तरी मी बायकोच्या तोंडाकडं बघीन. आई पोरीला औषध देताना मी बघत बसीन. आणि माझ्याकडं कोण बघणार? असल्या घरात मी पोर कशी नेऊ?”

“काका, जरा थांबा. विचार करा,” मी म्हटलं. तेही मी नंतर जर्मनमध्ये सांगितलं.

“झाला विचार. माझं नाव मागं घ्या म्हणावं.”

ब्रेंडेलबाईंनी त्यांना वेळ देऊ केला, पुन्हा अर्ज करता येईल म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. ते नुसती मान हलवत राहिले. शेवटी नोंद झाली.

काका दाराकडे वळले तेव्हा ब्रेंडेलबाईंनी मला क्षणभर थांबवलं. शिकवलेलं विसरलेली नाही, असं काहीतरी त्या म्हणतील म्हणून मी मनातून आक्रसले. त्या म्हणाल्या, “मी हा प्रश्न प्रत्येक नातेवाइकाला विचारते. सगळे म्हणतात, छे, कधीच नाही, मनातही आलं नाही. आणि मी मूल त्यांच्या हवाली करते.” त्यांचे डोळे लाल झाले होते. “हो म्हणणारा हा पहिलाच.”

मी यावर पुष्कळ डोकं फोडलं आहे. नियम चुकीचा आहे असं मला अजून म्हणता येत नाही. फायद्यासाठी पोरं मारली गेली आहेत, रोममध्येही आणि आपल्याकडेही, म्हणून तर तो प्रश्न जन्माला आला. पण त्या जाळ्यात मला आजवर दिसला तो एकच मासा, आणि तो स्वतःहून उडी मारून आत आला. त्या जुन्या पंडितांनी असल्या माणसाचा विचार केला होता का, ते तुकडे पुन्हा चाळून बघितलं. नाही केलेला. तीतिउसची बायको जेवताना काय म्हणाली हे त्यात कुठे येत नाही, कारण सालं काढताना पहिल्यांदा तेच निघून जातं. मला राग येतो. कुणाचा, ते ठरत नाही. ज्या खोलीत दुःख बाजूला ठेवायची मला परवानगी मिळाली होती तिथे मी आयुष्य काढलं, आणि कुणाच्या बाजूला ठेवत होते हे वळून पाहिलं नाही.

पुढचं सांगून टाकते. ईराचं पालकत्व युगेंडआम्टकडे गेलं. त्यांचा एक अधिकारी महिन्यातून एकदा तिला भेटायचा, चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे अशी खूप मुलं. राहायला ती त्या मैत्रिणीच्या घरीच राहिली, त्या कुटुंबानं तिला रीतसर सांभाळायला घेतलं. काका रविवारी व्हिडिओ कॉल करायचे असं मंडळातल्यांकडून कळायचं. ती जर्मनमध्ये बोलायची, ते मराठीत, मध्ये आजी मोबाइलच्या फार जवळ तोंड आणून रडायची. मग आजी गेल्या. मग कॉल दिवाळी आणि वाढदिवसापुरते राहिले. गेल्या वर्षी मला ती एश्बॉर्नच्या स्टेशनवर दिसली, उंच झाली आहे, मैत्रिणींबरोबर खिदळत होती. सुखी दिसली. एस-बान आली, त्या सगळ्या चढल्या, मी पुढच्या गाडीनं गेले.

ब्रेंडेलबाई अजून कार्ड पाठवतात. तो प्रश्न अजून विचारता का, असं मी त्यांना विचारलेलं नाही. काय उत्तर आलं तर मला बरं वाटेल, तेच कळत नाही.

कॉरिडॉरमधलं सांगायचं राहिलं. ते टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

काका बाहेर आले आणि मी त्यांच्या मागोमाग. ईरा बाकावर पाय हलवत बसली होती. दार उघडलं तशी टुणकन उठली. युगेंडआम्टच्या बाई हसून मला म्हणाल्या, सकाळपासून ही काहीतरी पुटपुटतेय, पाठ करतेय, मला सांगत नाही. कुणाकडून तरी तिनं ऐकलं असावं, की कराडला गेलीस तर तिथलं जेवण झेपणार नाही तुला. आत काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. परीक्षा काकांची आहे असं तिला वाटलंच नव्हतं, ती स्वतःच्या परीक्षेची तयारी करून आली होती. ती काकांसमोर नीट उभी राहिली, दोन्ही हात बाजूला, शाळेत कविता म्हणतात तशी, आणि अडखळत पण स्वच्छ मराठीत म्हणाली,

“काका, मला तिखट चालतं. खूप तिखट पण चालतं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मराठीच होतं, त्यात मी सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी ते माझ्याकडेच बघत राहिले, मी काहीतरी वेगळं सांगेन म्हणून.